कपाटाची किल्ली

तलासरी तालुक्यातला एक पाडा. पाऊस नुकताच सरलेला, भात अजून शेतात उभं, आणि अंगणवाडीच्या खोलीत ओल्या भिंतींचा आणि शिजत आलेल्या खिचडीचा मिळून एक वास. बालवाडी शिक्षिकेच्या प्रशिक्षणातल्या सरावासाठी आम्हा मुलींना त्या भागात पाठवलं होतं आणि ही अंगणवाडी माझ्या वाट्याला आली होती. आदल्या दिवशी मी सेविकाताईंना भीत भीत विचारून ठेवलं होतं, ‘उद्या थोडी खेळणी काढता येतील का?’ त्यांनी कमरेची किल्ली काढली, कुरकुरणारं लोखंडी कपाट उघडलं, आणि आतून लाकडी ठोकळे, प्लास्टिकची फळं, तारेत ओवलेले रंगीत मणी आणि वेष्टनही न फाडलेला जोडकोड्यांचा संच बाहेर आला. मला वाटलं होतं पोरं तुटून पडतील. एकही जागचं हललं नाही. हात पाठीमागे घेऊन सगळी भिंतीला टेकली. मग चारेक वर्षांची एक मुलगी दोन पावलं पुढे आली, ठोकळ्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या वारली बोलीत ताईंना विचारलं, की आज साहेब येणार आहेत का?

ताई हसल्या, मीही हसले, आणि खेळणी सतरंजीवर मांडली. पुढचा तासभर बरा गेला. निरीक्षण वहीत लिहायला पुष्कळ काही मिळालं. पण संध्याकाळी टमटमने डहाणू स्टेशनला येताना, आणि मग गाडीत चिकूच्या टोपल्यांमध्ये पाय आखडून बसल्यावर, तो प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. त्यात तक्रार नव्हती, लाडीगोडी नव्हती. आकाशात ढग बघून ‘पाऊस येणार का’ विचारावं, इतक्या सहजपणे तिने विचारलं होतं. कपाट उघडतं तेव्हा जीप येते, जीपमधून माणसं उतरतात, खेळणी मांडली जातात, फोटो निघतात, जीप जाते, खेळणी मोजून आत जातात. हा क्रम तिने पाहून ठेवला होता. खोलीतली सगळ्यात रंगीत वस्तू कुणासाठी आहे, हे तिला नेमकं ठाऊक होतं.

आणि त्या दिवशी साहेब मीच होते.

ताईंना बोल लावावा तर तेही जमत नाही. कपाटातल्या प्रत्येक वस्तूची साठा नोंदवहीत नोंद असते. मणी कमी भरले तर पर्यवेक्षिका विचारणार, लेखी खुलासा द्यावा लागणार, आणि नाहीच जमलं तर मानधनातून पदरचे पैसे घालून बाजारातून तसलेच आणून ठेवायचे. पगार नव्हे, मानधन. त्यात हजेरी, वजन, उंची, गरम आहार, घरी न्यायच्या पाकिटांचं वाटप, गरोदर बायकांच्या नोंदी, लसीकरणाच्या दिवशी नर्सबाईंसोबत घरोघर फिरून बायांना बोलावून आणणं, आणि हे सगळं पुन्हा मोबाइलवर भरणं. 2021 च्या ऑगस्टमध्ये राज्यभरच्या सेविकांनी सरकारने दिलेले निकृष्ट फोन परत केले, तेव्हा शहरातल्या बऱ्याच जणांना ती गंमत वाटली होती. ज्यांनी रेंजसाठी टेकाडावर उभं राहून माहिती भरणारी बाई पाहिली असेल, त्यांना वाटली नसणार. अंगणवाडीच्या सहा सेवांपैकी बालशिक्षण ही एक, आणि बाकीच्या पाच उरकल्यावर जेवढा वेळ उरेल तेवढा तिचा. मी पाहिलेलं सांगते: ताई उजव्या हाताच्या एका बोटाने फोनमध्ये वजनं भरत होत्या आणि डाव्या हाताने मांडीवर पेंगुळलेल्या पोराला थोपटत होत्या. फोन मध्येच अडकला की बोट थांबायचं. थोपटणं थांबलं नाही. हे आमच्या कुठल्याही पाठात नव्हतं आणि कुणी त्याला गुणही दिले नसते.

आमचे गुण कशाला असत, ते आता आठवून हसू येतं. ‘साहित्य निर्मिती’ नावाचा एक विषय होता आणि त्याला भरपूर गुण होते. वेलवेट पेपर, कार्डशीट, लोकरीचे गोंडे, मोज्यांच्या हातबाहुल्या, आइस्क्रीमच्या काड्यांचं घर. वसतिगृहाच्या खोलीत मध्यरात्रीपर्यंत फेविकॉलचा तो आंबूस गोड वास, बोटांवर सुकलेली त्याची सालं, आणि ‘अगं तुझी कात्री दे ना’ची देवाणघेवाण. मला ते सगळं मनापासून आवडायचं, खोटं कशाला बोलू. शाळेत चित्रकलेच्या तासाला जे सुख मिळायचं तेच परत हाती आलं होतं. परीक्षेच्या दिवशी सभागृहात टेबलं लागली, त्यांवर इस्त्रीच्या चादरी, चादरींवर आमची खेळणी. बाहेरच्या परीक्षक येणार होत्या, त्या येईपर्यंत कुणी विस्कटू नये म्हणून एका मैत्रिणीने सुवाच्य अक्षरात पाटी लिहून मधोमध उभी केली: ‘कृपया हात लावू नये.’ लहान मुलांची खेळणी, आणि वर ही पाटी. आमच्यातल्या कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. परीक्षकबाई चश्मा वरखाली करत फिरल्या, गोंडे दाबून पाहिले, मागच्या बाजूचा डिंक तपासला आणि पुढे सरकल्या.

प्रात्यक्षिक पाठांचीही तीच तऱ्हा. उद्दिष्ट, पूर्वतयारी, प्रस्तावना, कृती, मूल्यमापन असे रकाने आखलेलं पाठ टाचण, आणि शेजारच्या बालवाडीतून आणलेली दहा-बारा मुलं. पावडर लावलेली, केस चापून बसवलेली. आमच्याआधीच्या तुकड्यांनी त्या मुलांवर एवढे पाठ घेतले होते, की ‘आपल्या पिशवीत काय बरं असेल?’ असं म्हणून आम्ही पिशवीत हात घालायच्या आतच एखादं शहाणं पोर कंटाळलेल्या सुरात सांगून टाकायचं, ‘ससा.’ आणि तो ससाच असायचा.

माझी आई बालवाडी चालवायची. कऱ्हाडकडच्या आमच्या गावात मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात ती भरायची. शहाबादी फरशी, पावसाळ्यात कोपऱ्यात साचणारं पाणी, तेलाचा, शेंदराचा आणि सुकडीचा वास. सुकडी म्हटल्यावर माझ्या वयाच्या माणसांच्या जिभेवर ती भरड गोडी येईलच. कोरडीच तोबरा भरला की ठसका लागायचा आणि शेजारच्याच्या पाठीवर पीठ उडायचं. मी आईच्याच बालवाडीत होते. तालुक्याहून कुणी यायचं असलं की आदल्या दिवशी आई घरी चुलीपुढे बसून माझ्याकडून गाणं घोटून घ्यायची. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांपुढे उभं राहून मी हातवाऱ्यांसकट ते म्हणून दाखवायचे आणि मंडळी एकमेकांकडे बघून माना डोलवायची. आईचा चेहरा तेव्हा कसा असायचा, हे मला अजून दिसतं: ओठ माझ्याबरोबर हलताहेत आणि नजर पाहुण्यांवर. तिच्या नोकरीत कायम असं काही नव्हतंच, दर वर्षी पुढच्या वर्षाची धास्ती. त्या गाण्यावर घरातलं काय काय टांगलेलं होतं, ते मला तेव्हा कळत नव्हतं. पण ‘आज कुणीतरी येणार’ हे मात्र मला सकाळीच कळायचं, कारण त्या दिवशी आईची पातळाची घडी वेगळी असायची. म्हणजे पाड्यावरच्या त्या मुलीला जे ठाऊक होतं, ते मलाही चौथ्या वर्षी ठाऊक होतं. मधल्या काळात मी शिकले आणि विसरले, एवढंच.

अभ्यासक्रमात बालशिक्षणाचं काम उभारणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ होत्या, अर्थातच. टिपणवजा: जन्म, कार्य, पुरस्कार, पाच गुण. परीक्षेपुरतं पाठ केलं. त्यातली खरी गोष्ट मला डहाणूच्या त्या चकरांमध्ये उलगडत गेली, कारण ती घडली होती त्याच पट्ट्यात. गिजुभाई बधेकांनी 1920 मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केलं, ताराबाई 1923 मध्ये तिथे गेल्या, 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. माँटेसरीची पद्धत, त्यातली ती देखणी साधनं, गुलाबी मनोरा, दट्ट्यांची पेटी, सगळं मापात आणि सगळं महाग. मग 1936 मध्ये दादरला ताराबाईंचं शिशुविहार, तिथे शिक्षिका घडवायचं अध्यापक मंदिरही. एवढं उभारलेली, मुंबईतल्या सुशिक्षित घरांत मानाने घेतली जाणारी बाई पन्नाशी ओलांडल्यावर 1945 मध्ये बोर्डीला येते, सोबत पस्तिशीच्या अनुताई, आणि दोघींच्या लक्षात येतं की दादरची शाळा इथे उचलून आणता येणार नाही. पोरं शाळेत येतच नव्हती. कुणाच्या काखेला धाकटं भावंड, कुणाच्या मागे गुरं. तेव्हा बालवाडी उठून वस्तीवरच्या अंगणात गेली, आणि गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात. साधनं कुठली? शंख-शिंपले, बिया, पानं, खडे, बांबूच्या कांड्या. समुद्र आणि जंगल दोन्ही हाताशी होतं.

पुस्तकात हे ‘कमी खर्चाचं साहित्य’ या मथळ्याखाली येतं, आणि आम्हीही तसंच लिहून आलो. पण बोर्डीच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली उभं राहिल्यावर मला वाटलं, खर्च ही त्यातली लहान बाब असावी. शिंपला फुटला तर फुटला. दुसरा आणा. कुणाला खुलासा द्यायचा नाही, कुणी मोजणार नाही. ज्याची नोंद नाही ते हरवलं तरी चालतं, आणि जे हरवलं तरी चालतं त्याच्याशीच मूल मोकळेपणी खेळतं. वेलवेटच्या सशाला ही सोय नाही.

त्या दोघींच्या कामातली एक गोष्ट मात्र मला आजही नीट पचत नाही. अंगणात बालवाडी भरली की आधी पोरांची सफाई: अंघोळ, नखं, केस विंचरणं, खरूज असेल तर औषध. कारणं उघड आहेत. त्या काळी त्या वस्त्यांमध्ये खरजेने पोरं रात्र रात्र झोपत नसत, आणि उवांनी भरलेलं डोकं खाजवणाऱ्या पोराला बडबडगीत काय ऐकू येणार? एखाद्याच्या डोक्यातला गुंता दुखू न देता सोडवणं हे मायेचंच काम, आणि त्यांनी ते वर्षानुवर्षं केलं. तरीही बाहेरून आलेल्या बाईने वस्तीवर पाऊल टाकताच तिला पहिल्यांदा दिसतो तो मळ, याचा सल मला राहतो. सरावाच्या काळात आमच्याबरोबरची एक जण रोज रुमालांची थप्पी आणायची आणि मुलं दारातून आत आली की नाकं पुसत सुटायची. प्रेमानेच पुसायची. एक मुलगा तिला बघितलं की दारातूनच बाहीने नाक पुसून मोकळा व्हायचा, आणि मग छाती काढून आत यायचा. त्याला कोण काय बोलणार?

शहरातल्या नर्सरीतही आमचा सराव झाला. नाव कशाला सांगू. काचेचा दरवाजा, आत एसी, भिंतीवर जिराफ. तिथे कपाटाला किल्ली नव्हती. उघड्या फळ्यांवर खेळण्यांच्या टोपल्या, हात पोचेल अशा उंचीवर, अगदी पुस्तकात सांगितल्याबरहुकूम. मी सुखावले. दोन-चार दिवसांत कळलं की दर तासाला वर्गातल्या बाईंना पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर फोटो टाकावे लागतात. चिखलाचा खेळ असेल तर हात चिखलात आणि चेहरा कॅमेऱ्याकडे. साडेतीन वर्षांचा एक मुलगा ठोकळ्यांचा पूल करत होता, पूल जमत नव्हता, तो पुन्हा पुन्हा खालचे दोन ठोकळे जवळ सरकवत होता. विचारात बुडालेलं मूल बघायला मिळणं ही आमच्या धंद्यातली खरी कमाई. बाई फोन घेऊन वाकल्या, त्याला चाहूल लागली, त्याने हातातला ठोकळा तसाच धरून मान वर केली, हसला, फोटो निघाला. पुन्हा खाली बघितलं तेव्हा त्याला आठवेना आपण काय करत होतो. उठून पाण्याच्या बाटलीकडे गेला. तिथल्या बाई वाईट नव्हत्या. फोटो गेले नाहीत तर संध्याकाळी संचालिकांना फोन यायचे, ‘आज आमच्या आर्यनला काही शिकवलंच नाही का?’ साठा नोंदवही इकडेही होती, फक्त तिच्यात मुलांचे चेहरे भरले जात होते.

तलासरीची साहेबांची जीप निदान महिन्या-दोन महिन्यांनी यायची. इथे ती खिशातच होती.

प्रशिक्षण संपता संपता शेवटचा सराव पुण्याच्या पश्चिमेकडच्या एका बांधकामावर आला. मजुरांच्या मुलांसाठी साइटवरच पाळणाघर आणि बालवाडी चालवायची, ही कल्पना आपल्याकडे 1969 मध्ये दिल्लीत मीरा महादेवन यांनी राजघाटाजवळच्या एका बांधकामावर तंबू टाकून रुजवली. मोबाइल क्रेशेस या नावाने ते काम 1972 मध्ये मुंबईतही आलं. पुढे 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याने पन्नासहून जास्त बायका कामावर असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली देणं बंधनकारक केलं. आमच्या साइटवर बायका पन्नासच्या वर कधी जात नसत. म्हणजे हजेरीपत्रकावर. सकाळी रांगेत कितीही दिसोत. तरी पत्र्याची एक खोली मिळाली होती, पंखा होता, आणि उन्हाळ्यात पत्रा तापला की त्या पंख्यातून गरम झळा खाली यायच्या. सिमेंटची बारीक भुकटी सगळ्यावर: पाण्याच्या पिंपावर, मुलांच्या पापण्यांवर, माझ्या वहीच्या पानांत. पान उलटलं की दाताखाली कचकच आल्यासारखं वाटायचं.

तिथली मुलं कलबुर्गीकडची, उदगीरकडची, छत्तीसगडची, बंगालमधल्या मालद्याची. प्रत्येकाची बोली निराळी, आणि कुणाचा मुक्काम किती दिवस हे कुणालाच माहीत नाही. एका सकाळी खोली रिकामी दिसायची आणि कळायचं की मुकादमाने दुसऱ्या साइटवर हलवलं. बाराखडी सोडाच, नावं पाठ होईपर्यंत मुलं बदलत. ‘आज स्लॅब आहे’ हे वाक्य मी तिथे शिकले. स्लॅब ओतायला घेतला की मध्ये थांबवता येत नाही, मग आया रात्री उशिरापर्यंत वर. पाळणाघराची वेळ संध्याकाळी संपायची. त्या दिवशी मदतनीस मावशी घरी जात नसत. विचारलं तर म्हणाल्या, ‘मी पण घमेली वाहिलीत बाई याच कंपन्यांत. माझं पोरगं वाळूच्या ढिगावर झोपायचं.’ हॅलोजनच्या पिवळ्या उजेडात पोरं वर बघत बसायची आणि आपापली आई ओळखायची, चालीवरून. एवढ्या लांबून, एवढ्या अंधारात, डोक्यावर घमेलं असलेल्या वीस बायकांमधून.

त्या साइटवर मी जे पाहिलं ते सविस्तर लिहिते, कारण वहीत त्याला रकानाच नव्हता. पत्र्याच्या खोलीच्या पायरीवर मुलं क्रेन खेळायची. रंगाचा रिकामा छोटा डबा, त्याला सुतळीचा तुकडा. सुतळी हातभरच, त्याहून लांब द्यायची नाही, गळ्यात अडकेल, हा मावशींचा कडक नियम. डब्यात खडी. कलबुर्गीचा पाच वर्षांचा मुलगा वरच्या पायरीवर सुतळी धरून बसायचा, खाली मालद्याची मुलगी उभी. तिला कानडी येत नाही, त्याला बंगाली येत नाही, आणि माझं मराठी दोघांनाही अर्धंमुर्धं. ती एक बोट वर करून हवेत छोटं वर्तुळ काढायची. डबा वर. बोट खाली करून तसंच वर्तुळ. डबा हळूहळू खाली. हात आडवा ताणून तळवा जमिनीकडे: थांब. साइटवरचा सिग्नलमन खऱ्या क्रेनवाल्याला अगदी याच खुणा करतो. त्याच्या गळ्यातल्या शिट्टीसाठी ती ओठ आवळून ‘फीऽऽ’ करायची. एकदा डबा पायरीला अडकला. तिने आडवा हात ताणून धरला, मुलगा थांबला, तिने वाकून डबा सोडवला, मागे सरकली, आजूबाजूला कुणी आहे का बघितलं, आणि मगच बोट वर केलं. भाराच्या वाटेतून माणसं बाजूला झाल्याशिवाय उचलायचं नाही, हे त्या मुलीला येत होतं. माझ्या वहीत ‘भाषा विकास’ या रकान्याखाली एक ओळ होती: मूल किती शब्द बोलते? मी बराच वेळ पेन धरून बसले.

आता कागदावर चांगलं बरंच काही आलं आहे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षं हा सलग पायाभूत टप्पा मानला, 2022 मध्ये त्याचा राष्ट्रीय आराखडा आला, त्यात घरच्या भाषेत शिकवा, खेळातून शिकवा हे स्वच्छ लिहिलेलं आहे. गिजुभाईंच्या बालमंदिराला शंभर वर्षं होऊन गेल्यावर का होईना, सरकार ते म्हणतंय, याचा मला आनंदच आहे. 2023 च्या फेब्रुवारीत एनसीईआरटीने, म्हणजे केंद्राच्या शैक्षणिक संशोधन परिषदेने, ‘जादुई पिटारा’ काढला: खेळणी, बाहुल्या, कोडी, गोष्टी, सगळं एका पेटीत. बातमी वाचली तेव्हा पहिला विचार मनात आला तो असा, की याची किल्ली कुणाकडे राहणार? आणि एखादी बाहुली फाटली तर खुलासा कुणी द्यायचा? हे कुचकेपणाने म्हणत नाही. पेटी करणाऱ्यांनी एक ओळ वाढवावी एवढंच मागणं आहे: यातलं सामान वापरून झिजलं, मोडलं, हरवलं तर सेविकेला जाब विचारू नये. ही एक ओळ छापली तर माझ्या मते निम्मी जादू तिथेच होईल.

प्रशिक्षण संपल्यावर मी पाड्यावर पुन्हा गेले होते, दिवाळीनंतर. ती मुलगी नव्हती. घरातली सगळी भिवंडीकडे वीटभट्टीवर गेली होती, तिच्याबरोबर अजून बरीच. हजेरीच्या वहीत रकानेच्या रकाने मोकळे. भट्टीवर जवळपास अंगणवाडी असेल तर असेल. ताई म्हणाल्या, पाऊस आला की येतील, पण तोवर ती पोरं गाणी विसरून येतात आणि विटा मोजायला शिकून येतात. खोलीत कपाट तसंच होतं, कुलूपही. त्याच्या पायाशी मात्र एक सूप होतं आणि त्यात चिंचोके, सागरगोटे, रिठे, बांबूच्या कांड्या, नदीतले चपटे गोटे. गुंजा नव्हत्या, दिसायला कितीही सुंदर असल्या तरी विषारी, त्या ताईंनी आधीच निवडून टाकल्या होत्या. ‘हे कुठून आणलंत?’ मी विचारलं. ‘मी कुठलं आणतेय? पोरंच आणतात. मी फक्त सूप ठेवलं.’ मग आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘याची नोंद केली नाही हां वहीत.’ भिंतीपाशी दोन मुलगे चिंचोके दगडावर घासून अर्धे करत बसले होते, एक बाजू पांढरी व्हावी म्हणून. घासून घासून चिंचोका तापला की एकमेकांच्या पोटरीला लावून पळायचे. एकाचा सूपभर चिंचोक्यांवर पाय पडला, सगळे घरंगळत ओट्याखाली गेले, आणि ताईंनी फोनमधून मान वर न करता ‘भरा’ एवढंच म्हटलं.

मी सध्या साइटवरच्या पाळणाघरात काम करते. इमारत दुसरी आहे, पत्र्याची खोली तशीच. सोमवारपासून आमच्याकडे सरावाला नवी तुकडी यायची आहे. त्यातल्या एकीचा काल फोन आला, आवाजात अगदी तोच उत्साह, ‘ताई, मी फ्लॅशकार्डं करायला घेतलीत. लॅमिनेट पण करणार आहे. वाहनांची करू, की फळांची?’ मी काय सांगावं याचा विचार करत होते. तिची कात्री, तिचा फेविकॉल, तिची जागून काढलेली रात्र मला फोनमधून दिसत होती आणि मन मोडवेना. मावशी शेजारी तांदूळ निवडत होत्या, फोन स्पीकरवर होता.

‘तिला म्हणावं, कार्डं-बिर्डं राहू दे,’ त्या ओरडूनच म्हणाल्या, पलीकडे ऐकू जाईल अशा बेताने. ‘सुतळी आण म्हणावं, जाडवाली. आणि रंगाचे दोन डबे, पण कडा ठोकून आण गं बाई, बोटं कापतात पोरांची. मागच्या डब्यांचं बूड गेलंय.’